तिवराच्या गाठीतली माशी: नवीन प्रजाती म्हणण्याआधी आणि म्हटल्यावर

ऐरोलीच्या एका प्राध्यापिकांनी विचारलं आहे: खाडीकाठच्या तिवराच्या पानांवर बारक्या गाठी दिसल्या. विद्यार्थ्यांनी ती पानं बरणीत ठेवली, तर जेमतेम दीड मिलिमीटरच्या माश्या बाहेर आल्या. इंटरनेटवरच्या कुठल्याच चित्राशी त्या जुळत नाहीत. ही नवीन प्रजाती असेल का? असेल तर रीतसर जाहीर कशी करायची? आणि विद्यार्थ्यांची नावं लेखक म्हणून घालता येतील का?

आधी तातडीचं. बरणीच्या तळाशी मेलेल्या माश्या अजून तशाच पडल्या असतील, तर हे वाचून होण्याआधी त्या अल्कोहोलमध्ये घाला. काही सत्तर टक्क्यांत, काही (डीएनएसाठी) पंचाण्णवच्या पुढच्यात. ठाण्या-नवी मुंबईच्या दमट हवेत दोन दिवसांत बुरशी धरते, आणि बुरशी धरलेल्या एवढ्या बारक्या माशीचा काहीही उपयोग उरत नाही.

आता प्रश्न. नवीन असू शकते, आणि त्यात फारसं नवल नाही. वर्णनावरून ही सेसिडोमायिडी कुळातली, गाठी करणारी मिजमाशी दिसते. हे कुळ आपल्या शेतकऱ्याच्या चांगल्या ओळखीचं आहे. भाताच्या पोंग्याची चंदेरी नळी करणारी गादमाशी याच कुळातली, आंब्याच्या मोहोरावरची आणि पानांवर फोड आणणारी मिजमाशीही यातलीच. आजवर नाव मिळालेल्या प्रजाती साडेसहा हजारांच्या थोड्या वर आहेत. उलट २०१६ साली कॅनडातल्या कीटकांच्या डीएनए बारकोडवरून (प्रजाती ओळखायला वापरतात तो डीएनएचा ठराविक तुकडा) जो हिशेब मांडला गेला, त्यात या एकट्या कुळात जगभर अठरा लाख प्रजाती असाव्यात असा अंदाज निघाला. मला तो आकडा फुगलेला वाटतो. पण त्याचा दहावा हिस्सा धरला तरी हातात आलेली माशी बिननावाची असण्याचीच शक्यता जास्त. म्हणून नवीन प्रजाती ‘सापडणं’ या कुळात सोपं आहे. ती नवीन आहे हे दाखवणं, आणि पुढच्या माणसाला आपल्या मदतीशिवाय तीच माशी ओळखता येईल असं लिहून ठेवणं, यात वर्ष-दोन वर्षं सहज जातात.

पहिली शंका माशीवरच घ्या. गाठीतून बाहेर आलं म्हणजे त्यानेच गाठ केली असं होत नाही. मिजमाशीच्या अळीवर जगणाऱ्या परजीवी गांधीलमाश्या त्याच गाठीतून निघतात, त्याही दीड-दोन मिलिमीटरच्याच. त्यांना चार पंख असतात, मिजमाशीला दोन, एवढं भिंगातून कळतं. दुसऱ्याच्या गाठीत फुकट राहणाऱ्या मिजमाश्याही असतात, त्या जास्त फसवतात. शिवाय तिवरावरच्या काही गाठी माशीच्या नसतातच, एरिओफिड नावाच्या अतिसूक्ष्म कोळ्यांच्या असतात. त्या उघडल्या की आत केसाळ मखमल दिसते, अळीची खोली दिसत नाही.

यावर उपाय एकच. गाठी एकेक करून फोडा. धारदार ब्लेडने आडवा छेद घ्या आणि लिहून ठेवा: आत खोल्या किती, प्रत्येकीत अळी किती, अळीचा रंग काय, गाठ पानाच्या वर फुगली आहे की खाली, शिरेवर आहे की मध्ये. मग पिकलेल्या गाठींचं पान बरणीत ठेवून माशी निघेपर्यंत रोज पाहा. गाठीत कोष करणारी मिजमाशी बाहेर पडताना कोषाची रिकामी कात भोकात अडकवून जाते. कात अर्धी बाहेर लोंबत असते. गांधीलमाशी मात्र स्वच्छ गोल भोक कुरतडून निघते, मागे काही ठेवत नाही. भोकात अडकलेल्या कातेचा एक चांगला फोटो तुमच्या पेपरमध्ये पानभर युक्तिवादाचं काम करतो. त्या काती जपून काढा. कोषाच्या डोक्यावरची शिंगं आणि श्वासनलिकांची टोकं प्रजाती ओळखायला उपयोगी पडतात.

तिवराची पानं बरणीत टिकवणं हा वेगळा ताप आहे. तिवर पानांतून मीठ बाहेर टाकतं. ते मीठ हवेतली ओल खेचतं आणि बरणी आतून चिकट होते. माशी काचेला चिकटून मरते, तिच्या अंगावरचे खवले आणि शृंगिकांचे, म्हणजे मिशांचे, केस निघून जातात. पानं गोड्या पाण्यात हलक्या हाताने धुवा, टिपकागदाने कोरडी करा, देठाला ओला कापूस लावा, बरणीच्या तोंडावर मलमल बांधा. प्रौढ माशी एखाद-दोन दिवसच जगते, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी बरणी कॉलेजात ठेवू नका, घरी न्या.

परवानगीचं आताच सांगतो, कारण हौसेने गोळा करणारे इथेच अडकतात. ठाणे खाडीतली कांदळवनं, म्हणजे तिवरासारख्या खारफुटीची जंगलं, राखीव वा संरक्षित वन म्हणून अधिसूचित आहेत. खाडीचा एक भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. नमुने घेण्यासाठी पानं तोडायची तर वनविभागाच्या कांदळवन कक्षाची लेखी परवानगी लागते, अभयारण्यात तर वन्यजीव कायद्याखालीही. ‘मूठभर पानं तर घेतली’ हे उत्तर चालत नाही, आणि चांगली नियतकालिकं परवानगीचा क्रमांक मागतात. अर्ज कॉलेजच्या नावाने करा, किती झाडांवरून किती पानं ते स्पष्ट लिहा.

गोळा करायला भांगाच्या, म्हणजे भरती कमी चढते त्या दिवसांत ओहोटी पाहून जा. उधाणाला पाणी पार बंधाऱ्याला लागतं, आणि खालच्या फांद्यांवर चिखलाचा थर बसतो. एकदा जाऊन भागणार नाही. तीच झाडं खुणा करून ठेवा आणि वर्षभर दर महिन्याला पाहा. पावसाळा सरता सरता कधीकधी हायब्लिया या पतंगाच्या अळ्या तिवर ओरबाडून खातात, झाडं तपकिरी पडतात. त्या वर्षी त्या महिन्याच्या नोंदी कोऱ्या राहतात. ते तसंच लिहा.

यजमान झाडाची ओळख अचूक हवी. तुमच्या पट्ट्यातली बहुतेक तिवरं अ‍ॅव्हिसेनिया मरिना या जातीची असतील, पण अ‍ॅव्हिसेनिया ऑफिसिनॅलिसही खाडीत आहे. पहिलीचं पान टोकाला निमुळतं, दुसरीचं गोलसर आणि फूल मोठं. फुलाफळासह एक फांदी दाबून वाळवा आणि मुंबईच्या सेंट झेवियर्समधल्या ब्लाटर हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) दाखवून घ्या. गाठी करणाऱ्या बहुतेक मिजमाश्या एका झाडाला किंवा त्याच्या जवळच्या नातलगांना धरून असतात, म्हणून यजमान चुकला तर पुढची सगळी तुलना चुकते.

आता सूक्ष्मदर्शकाखालचं काम. मिजमाशी टाचणीवर लावून वर्णन करता येत नाही. सुकलेल्या नमुन्यात काही दिसत नाही. तिची स्लाइड करावी लागते.

माशी दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये टाका आणि नेहमीच्या तापमानाला रात्रभर ठेवा. आतले स्नायू विरघळतात, फक्त कातडीचा पारदर्शक सांगाडा उरतो. मग पाणी, त्यात अ‍ॅसेटिक आम्लाचा थेंब, मग चढत्या टक्केवारीचं अल्कोहोल, मग लवंग तेल, शेवटी कॅनडा बाल्सम. पंख अल्कलीत घालण्याआधीच वेगळा करा. डोकं, धड आणि पोटाचं टोक वेगवेगळ्या छोट्या काचेखाली ठेवलं तर प्रत्येकाला हवं तसं वळवता येतं. नराच्या पोटाचं टोक म्हणजे जननांगं, ती पाठीकडून सरळ दिसायला हवीत. तिरपी बसली तर मोजमापं निरुपयोगी होतात. ती वळवायला सुई जाडी पडते. लाकडी काडीला पापणीचा एक केस चिकटवा, त्याने काम होतं. पंखा बंद, खिडकी बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत.

आणि जुलै-ऑगस्टमध्ये स्लाइडी करू नका, निदान एसी नसलेल्या प्रयोगशाळेत तरी. उघड्या बाटलीतलं शुद्ध अल्कोहोल हवेतली ओल शोषतं, नमुन्यात पाणी राहतं आणि बाल्सम दुधाळ होतं. पावसाळ्यात गोळा करा, अल्कोहोलमध्ये ठेवा, स्लाइडी नोव्हेंबरनंतर. बाल्सम पुरतं वाळायला महिने लागतात. तोवर स्लाइड आडवीच ठेवायची, उभी केली की माशी हळूहळू कडेला सरकते.

पाहायचं काय? प्रौढांत शृंगिकांचे खंड किती, प्रत्येक खंडाची मान आणि फुगीर भाग यांचं प्रमाण, त्यांच्यावरचे सर्कमफिला नावाचे वळसे घेतलेले धागे (हे याच कुळाचं वैशिष्ट्य), पंखातल्या मोजक्या शिरा, पायाच्या नखांना दात आहे की नाही, जननांगांच्या प्रत्येक तुकड्याचा आकार. मादीचं अंडी घालायचं टोक. पण माझा जास्त भरवसा अळीवर. पूर्ण वाढलेल्या, म्हणजे तिसऱ्या अवस्थेतल्या अळीच्या छातीखाली स्पॅच्युला नावाची गर्द पट्टी असते, बहुधा लवंगेच्या आकाराची. तिचे दात, दांड्याची लांबी, आजूबाजूच्या सूक्ष्म उंचवट्यांची मांडणी आणि शेपटाकडच्या केसांची संख्या यांवरून कितीतरी सारख्या दिसणाऱ्या प्रजाती वेगळ्या झाल्या आहेत. अळ्या थेट अल्कोहोलमध्ये टाकल्या तर काळ्या पडून आक्रसतात. आधी कडकडीत गरम पाण्यात क्षणभर बुडवा. डीएनएसाठीच्या अळ्या मात्र वेगळ्या, त्या सरळ पंचाण्णवच्या पुढच्या अल्कोहोलमध्ये.

एका नरावर प्रजाती उभी करू नका. तुमची माशी लॅसिओप्टेरिनी गटातली निघाली, आणि तिवर म्हटल्यावर मला तोच संशय आहे, तर या गटात शृंगिकांच्या खंडांची संख्या एकाच प्रजातीत माशीगणिक बदलते. एकाच नमुन्यावर ‘अमुक खंड’ असं लिहिलं की पुढच्या वर्षी दुसरा कुणी दोन खंड जास्त असलेली माशी घेऊन तिला आणखी एक नाव देतो. हातात नर, मादी, काती आणि अळ्या, प्रत्येकाचे काही नमुने असल्याशिवाय लिहायला बसू नये असं माझं मत. काही सहकारी याला अतिसावधपणा म्हणतात, म्हणोत.

मग तुलना. इथे सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि जायलाच हवा. ब्रिटिश काळातल्या ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालिकेवर विसंबू नका. ब्रुनेटीचा १९१२ चा खंड या माश्यांच्या मोठ्या गटावरचा, पण त्याच्या शीर्षकातच कायरोनोमिडी, म्हणजे दुसऱ्या मिजमाश्या, आणि डास वगळल्याचं लिहिलं आहे. त्यामुळे ‘मिज’ म्हणून जे शोधायला जाल त्यातलं बरंच तिथे नाही, आणि गाठीच्या मिजमाश्यांचं ज्ञान त्यानंतर खूप पुढे गेलं आहे. सुरुवात गॅन्ये आणि याशहोफ यांच्या जागतिक यादीपासून करा. २०२१ ची पाचवी आवृत्ती इंटरनेटवर मोफत मिळते. तिच्यात यजमान वनस्पतीवरून शोधता येतं.

तिवरापुरतं सांगायचं तर रेमंड गॅन्ये आणि लॉ यांनी १९९८ साली ऑस्ट्रेलियातल्या तिवरावरच्या गाठींतून अ‍ॅक्टिलॅसिओप्टेरा हा नवा जीनस (जवळच्या प्रजातींचा गट) मांडला. त्यातली मला मोलाची वाटणारी गोष्ट ही, की एकाच जातीच्या तिवरावर त्यांना अनेक प्रजाती मिळाल्या आणि प्रत्येकीची गाठ वेगळ्या ठेवणीची होती. म्हणजे ऐरोलीतही एकाच फांदीवर पुटकुळीसारखी आणि सबंध पान जाड करणारी अशा दोन गाठी दिसत असतील, तर त्यांतल्या माश्या एका बाटलीत घालू नका. सुरुवातीपासून वेगळ्या बरण्या, वेगळे क्रमांक. नंतर एक निघाल्या तर एकत्र करता येतात, मिसळलेल्या वेगळ्या करता येत नाहीत.

आणि नजर फक्त भारतापुरती ठेवू नका. अ‍ॅव्हिसेनिया मरिना आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेली आहे. तुमच्या माशीला शंभर वर्षांपूर्वी जावात कुणी नाव देऊन ठेवलं असेल तर ती ठाण्यात ‘नवीन’ होत नाही. न्यूयॉर्कचा कीटकशास्त्रज्ञ फेल्ट १९२० च्या आसपास भारतातल्या आणि जावातल्या मिजमाश्यांना नावं देत होता. डॉक्टर्स व्हॅन लीउवेन दांपत्याने इंडोनेशियातल्या गाठींची जाडजूड सूची १९२६ साली काढली, तिच्यातली गाठींची चित्रं आजही कामाची आहेत. आपल्याकडे एम. एस. मणी यांनी भारतातल्या गाठींवर आयुष्यभर काम केलं. त्याआधीचा कीफर हा लोरेनमधल्या बिच गावचा पाद्री-शिक्षक. नावं देण्यात त्याचा हात कुणी धरला नसेल, पण ज्यांवरून नावं दिली ते त्याचे पुष्कळ मूळ नमुने आज सापडत नाहीत. जुनी वर्णनं तर अशी, की पाय पिवळसर, पोट लालसर, पंख धुरकट, झालं. असं वर्णन तुमच्या माशीला लागू पडतं आणि वरळीच्या गटारावरच्या चिलटालाही.

अशा वेळी मूळ नमुना जिवंत असेल तर ज्या संग्रहालयात तो आहे तिथल्या क्युरेटरला लिहा. स्पॅच्युलाचा किंवा जननांगांचा फोटो मागा. लोक उत्तर देतात. नमुना हरवला असेल तर त्याच ठिकाणाहून, त्याच झाडावरून नव्याने गोळा केलेले नमुने शोधावे लागतात. आपले नमुने परदेशी पाठवायचे झाले तर जैवविविधता कायद्याचे नियम लागतात. चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची अट पाहिल्याशिवाय एकही स्लाइड पोस्टात टाकू नका. फोटो मात्र खुशाल पाठवा.

डीएनएबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण विद्यार्थी विचारतील. सीओआय जनुकाचा ६५८ अक्षरांचा नेहमीचा बारकोड काढून घ्या, आता ते फार अवघड राहिलं नाही. अळी आणि प्रौढ एकाच प्रजातीचे आहेत हे सिद्ध करायला तो फार सोयीचा. मात्र एकट्या बारकोडवर ‘नवीन’ म्हणू नका. या कुळातल्या बहुतेक नाव असलेल्या प्रजातींचे बारकोड ऑनलाइन भांडारात नाहीतच, त्यामुळे काहीही टाकलं तरी ‘जुळत नाही’ असंच उत्तर येतं. डीएनए काढताना सबंध माशी वाटून टाकू नका. कातडी शाबूत ठेवणारी पद्धत वापरा आणि त्याच माशीची स्लाइड करा.

लिहिताना सगळ्यात आधी निदान-परिच्छेद लिहा: जवळच्या कोणत्या प्रजातींपासून ही कशाने वेगळी. हा परिच्छेद चार-सहा ओळींत जमत नसेल तर माशी अजून तुम्हाला कळलेली नाही. ‘मोठा’, ‘बारीक’ असे शब्द टाळा, रुंदीच्या किती पट लांब ते द्या. चित्रं हातानेही काढा. फोटोत एका वेळी एकाच पातळीवरचं दिसतं, चित्रात तुम्ही काय पाहिलं ते दिसतं.

प्राण्यांच्या शास्त्रीय नावांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नामकरण संहितेच्या अटी थोड्या आणि पक्क्या आहेत. ही नवीन प्रजाती आहे असं स्पष्ट लिहायचं. एकच नमुना होलोटाइप म्हणून नेमायचा, नाव त्याला बांधलं जातं, बाकीचे पॅराटाइप. तो कोणत्या संग्रहालयात आहे ते छापायचं. पेपर फक्त ऑनलाइन निघणार असेल तर छापण्याआधी झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंद हवी आणि पेपरमध्ये त्या नोंदीचा उल्लेख हवा. हे राहिलं तर नाव ग्राह्य धरलं जात नाही, मग वर्तमानपत्रात कितीही फोटो येवोत. आपल्या कायद्याची वेगळी अट आहे. जैवविविधता कायदा २००२ च्या कलम ३९ प्रमाणे नव्या प्रजातीची माहिती आणि नमुने नेमलेल्या भांडारात द्यावे लागतात. तुमच्यासाठी ते म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षण. मुख्यालय कोलकात्याला, पण पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे, तिथे जाऊन बोला. होलोटाइप कॉलेजच्या कपाटात ठेवायचा मोह आवरा. प्राध्यापक निवृत्त होतात, विभागाला रंग लागतो, कपाट हलतं आणि पेटी कुठे गेली ते कुणालाच सांगता येत नाही.

नाव काय द्यावं यावर फार वेळ घालवू नका. ठिकाणावरून, गाठीच्या आकारावरून किंवा कुणाच्या सन्मानार्थ, तिन्ही चालतात. स्वतःचं नाव देऊ नये, संहिता अडवत नाही पण लोक हसतात. पुढाऱ्यांचं नाव द्यायची सूचना वरून येईल, ती गोड बोलून टाळा. आणि पेपर छापून येईपर्यंत ते नाव व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा बातमीदाराला सांगू नका.

पैसे भरले की आठवड्यात छापतो म्हणणारी नियतकालिकं टाळा. तुमचा पेपर ज्यांनी खरोखर मिजमाश्या पाहिल्या आहेत अशा दोघांच्या हाताखालून जायला हवा. त्यांच्या शेऱ्यांनी डोकं उठेल, पण चुकीचं नाव एकदा छापलं की समानार्थी म्हणून ते यादीत कायम राहतं.

विद्यार्थ्यांचं: ज्यांनी वर्षभर बरण्या सांभाळल्या, स्लाइडी केल्या, मोजमापं घेतली, चित्रं काढली, ते लेखक आहेत, पदवीला असोत की पदव्युत्तर. एकदा चिखलात येऊन सेल्फी काढून गेले त्यांचे आभार मानावेत. विभागप्रमुखांचं नाव घालायचं की नाही हे तुमच्या कॉलेजचं राजकारण, त्यात मी पडत नाही. प्रजातीच्या नावापुढे जे लेखक लागतात ते पेपरच्या लेखकांपेक्षा कमी असू शकतात, तसं पेपरमध्ये स्पष्ट लिहावं लागतं. हे आधीच ठरवून सगळ्यांना सांगा, कारण भांडणं नंतर होतात. लेबलावर मात्र ठिकाण, तारीख, यजमान आणि गोळा करणाऱ्याचं नाव न चुकता येऊ द्या.

गांधीलमाश्याही फेकू नका. त्या वेगळ्या बाटलीत, त्याच गाठीच्या क्रमांकाने ठेवा. त्यांवर काम करणारे लोक देशात आहेत आणि तिवराच्या गाठींतले नमुने त्यांना सहजी मिळत नाहीत. तोवर मला तीन फोटो पाठवा: गाठीचा आडवा छेद, पंख, आणि पूर्ण वाढलेल्या अळीची स्पॅच्युला. जीनस कोणता ते त्यावरून बहुतेक सांगता येईल.